कोपऱ्यातली सही

इतिहास म्हणजे सनावळ्या, असं आमच्या मास्तरांचं मत. आम्हांला तो सापडला बर्डीवरच्या रद्दीत, 'चांदोबा'च्या चित्रांत. ही चित्रं मद्रासला निघत; सगळ्या भाषांत तीच छापत. कोपऱ्यात 'चित्रा' अशी सही. मावशी म्हणे, "काय गुणी पोरगी आहे बाप्पा!" ही पोरगी म्हणजे टी. व्ही. राघवन! 'वपा' हे वपु काळ्यांचे कुणी नव्हेत, वड्डादि पापय्या. आणि विक्रमाच्या खांद्यावर प्रेत चढवणारे 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन. १९५२ साली तिथं लागले, २०२० साली गेले. ज्यांच्या वेताळापायी आम्ही रात्री अंथरुणातून उठत नसू, त्यांचं पूर्ण नाव कुणी विचारलं नाही. वेताळाचे प्रश्न मात्र साऱ्यांना पाठ!