८० टक्क्यांवरून १६ टक्के: मोडलेल्या मांडीच्या हाडाची गोष्ट आणि तिचा हिशेब

फर्स्ट एड किंवा ऑर्थोपेडिक्सचा इतिहास वाचायला घेतलात की एक वाक्य हमखास भेटतं: पहिल्या महायुद्धात 'थॉमस स्प्लिंट' वापरायला लागल्यावर मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमुळे होणारे मृत्यू ८० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पुस्तकात आहे, लेक्चरच्या स्लाइडवर आहे, रिसर्च पेपरच्या पहिल्या परिच्छेदातही आहे.

गोष्ट खरोखर भारी आहे. पण पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्यांसाठी त्यात दुसरंही काहीतरी आहे. 'आधी इतके, नंतर इतके' असा आकडा समोर आला की त्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे शिकायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. म्हणून आधी गोष्ट सांगते, मग हिशेब करू.

मांडी मोडली की माणूस मरतो कशाने?

हात मोडला म्हणून सहसा कोणी मरत नाही. मांडीचं वेगळं आहे. शरीरातलं सगळ्यात लांब आणि मजबूत हाड तिथे, आणि त्याच्याभोवती शरीरातले सगळ्यात दांडगे स्नायू. हाड अखंड असतं तोवर ते या स्नायूंचा ताण पेलून धरतं. मोडलं की स्नायू आखडतात, मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात, पाय आखूड होतो आणि मांडी फुगते.

आता सोपं गणित करा. मांडी म्हणजे १६ सेंटीमीटर व्यासाचा, ४० सेंटीमीटर लांबीचा सिलिंडर धरा. व्यास फक्त १ सेंटीमीटरने वाढला तर घनफळ किती वाढेल? जवळपास १ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण ५ लिटर. म्हणजे बाहेर थेंबही न सांडता, नुसती थोडी सुजलेली दिसणारी मांडी शरीरातलं पाचवा हिस्सा रक्त पोटात घेऊ शकते. त्यात पेशंटला उचलताना, गाडीत हादरे बसताना हाडाची धारदार टोकं आतल्या मांसात फिरत राहतात. रक्तस्राव वाढतो, वेदना वाढतात, पेशंट शॉकमध्ये जातो. म्हणून अपघाताची जागा ते हॉस्पिटल एवढा प्रवासच जिवावर बेतू शकतो.

लिव्हरपूलचे हाडवैद्य

आपल्याकडे जसे पिढीजात हाडवैद्य आहेत, तसं वेल्समधल्या अँगलसी बेटावर थॉमस घराणं होतं. हाड बसवण्यात पिढ्यान्‌पिढ्या नाव. त्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूलला आले. डिग्री नसल्याने डॉक्टरांनी त्यांना कोर्टकचेऱ्यांत बराच त्रास दिला. त्यांनी काय केलं? पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केलं.

थोरला मुलगा ह्यू ओवेन थॉमस (१८३४ ते १८९१). शिक्षण एडिंबरा आणि लंडनला, प्रॅक्टिस लिव्हरपूलच्या गरीब गोदी कामगारांमध्ये. मोठ्या हॉस्पिटलात पद कधीच नव्हतं, पण घरीच लोहार आणि चामड्याचं काम करणारा कारागीर ठेवून ते स्वतःची साधनं बनवून घ्यायचे. हाड किंवा सांधा बरा व्हायचा तर त्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, हा त्यांचा आग्रह होता.

१८७५ मध्ये त्यांनी कंबर, गुडघा आणि घोट्याच्या विकारांवर पुस्तक काढलं. त्यांचा स्प्लिंट मुळात गुडघ्याच्या टीबीसाठी होता. रचना अगदी साधी. जांघेत बसणारं चामड्याने मढवलेलं लोखंडी कडं, त्यापासून पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाणाऱ्या दोन सळया, आणि तळव्याच्या पुढे त्या जोडलेल्या. पाय पट्टीने खाली ओढून त्या टोकाला बांधायचा. ओढ खाली, रेटा वर ढुंगणाच्या हाडावर. वजन टांगायला नको, कप्पी नको. ओढ साधनातच बंदिस्त, त्यामुळे पेशंट उचलून कुठेही नेता येतो.

म्हणजे साधन १८७५ पासून छापील पुस्तकात होतं. रणांगणावर पोचायला चाळीस वर्षं लागली. थॉमस यांचा स्वभाव भांडकुदळ आणि हाताशी पद नाही, त्यामुळे ब्रिटिश सर्जन मंडळींनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आधी कालवा, मग युद्ध

मधला दुवा म्हणजे रॉबर्ट जोन्स (१८५७ ते १९३३), थॉमस यांच्या पत्नीचे भाचे आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेले. १८८८ मध्ये मँचेस्टर शिप कॅनॉलच्या बांधकामावर मुख्य सर्जन म्हणून त्यांची नेमणूक झाली. ३६ मैलांचा कालवा, हजारो मजूर, रोजचे अपघात. जोन्स यांनी कालव्याच्या कडेने तीन हॉस्पिटलं आणि त्यांच्या मधे प्रथमोपचाराची ठाणी उभारली. जखमी माणसाला पहिली मदत जागेवर आणि मग ठरलेल्या मार्गाने हॉस्पिटल, ही साखळी त्यांनी तिथे चालवून दाखवली.

१९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा खंदकात मांडी फुटलेल्या सैनिकाला काय मिळत होतं? काखेपासून पायापर्यंतची लांब लाकडी फळी, नाहीतर त्याचीच रायफल पायाला बांधलेली. फळीने पाय दिसायला सरळ राहतो, पण ओढ मिळत नाही, आतली टोकं हलतच राहतात. त्या अवस्थेत चिखलातून स्ट्रेचर, मग खडखडणारी गाडी.

जोन्स यांनी थॉमस स्प्लिंटचा पाठपुरावा केला. पण निर्णायक बदल स्प्लिंट लावायच्या जागेत झाला. सुरुवातीला तो मागच्या हॉस्पिटलांत लागायचा, १९१७ पर्यंत तो आघाडीलगतच्या मदत ठाण्यांवर लागायला लागला. लावायची कवायत ठरवली गेली, एक-दोन-तीन अशा क्रमाने. बूट काढायचा नाही, ओढीची पट्टी बुटावरूनच बांधायची. स्ट्रेचरवाल्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून सराव दिला जायचा, असंही वर्णन मिळतं, कारण खरं काम अंधारातच होतं.

एप्रिल १९१७ ची अरासची लढाई. ब्रिटिश थर्ड आर्मीचे सल्लागार सर्जन हेन्री ग्रे यांनी मांडीच्या हाडाच्या उघड्या फ्रॅक्चरचे, म्हणजे जखम असलेले, १,००९ पेशंट नोंदवले. मृत्यू १५.६ टक्के, म्हणजे साधारण १५७. आपल्या वाक्यातले '१६ टक्के' ते हे.

आता हिशेब

पहिला प्रश्न: आकडा एकच आहे का? वेगवेगळी पुस्तकं आणि लेख शेजारी ठेवा. कुठे ८० वरून १६, कुठे ८० वरून २०, तर कुठे ८७ वरून ८. एकाच घटनेचे तीन आकडे फिरत असतील, तर मूळ नोंदीपर्यंत न जाता त्यातला एक उचलणं धोक्याचं आहे.

दुसरा प्रश्न: दोन्ही बाजू सारख्याच मोजल्यात का? १५.६ टक्क्यांमागे ठिकाण, काळ आणि पेशंटची संख्या आहे. ८० टक्क्यांसोबत अशी यादी येत नाही, तो अंदाज म्हणून सांगितला जातो. अंदाज आणि मोजणी यांची वजाबाकी केली की उत्तर येतं, पण ते कशाचं उत्तर आहे हे सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न: छेदात कोण आहे? अरासची मोजणी आघाडीमागच्या शस्त्रक्रिया केंद्रावर जिवंत पोचलेल्यांची आहे. पुढे मागच्या हॉस्पिटलात गेल्यावर जे दगावले, ते त्यात नाहीत. आधीच्या आकड्यात ते धरले असतील, तर फरक फुगलेला दिसेल. आता उलटी बाजू बघा. पूर्वी सगळ्यात गंभीर जखमी वाटेतच मरायचे, केंद्राच्या वहीत त्यांचं नावच नाही. स्प्लिंटमुळे तेच लोक जिवंत पोचायला लागले, तर केंद्रावरच्या मृत्यूचं प्रमाण वाढूही शकतं! म्हणजे स्प्लिंटचा खरा फायदा आकड्यात दिसतो त्याहून जास्तही असू शकेल. एकाच आकड्यात दोन्ही दिशांच्या चुका लपू शकतात.

चौथा प्रश्न: आणखी काय बदललं? १९१४ ते १९१७ मध्ये शस्त्रक्रिया केंद्रं आघाडीच्या जवळ आली. जखमेतलं मेलेलं मांस लवकर आणि मोकळेपणाने कापून काढायची पद्धत रुळली. कॅरेल-डेकिन पद्धतीने जखमा धुतल्या जाऊ लागल्या. शॉकच्या पेशंटला ऊब देणं, पुढे रक्त देणं सुरू झालं. गॅस गँग्रीनने मरणाऱ्या माणसाला स्प्लिंट वाचवत नाही, जखमेची सफाई वाचवते. हे सगळं एकाच वेळी घडलं, आणि कंट्रोल ग्रुप कुठेच नाही.

मग स्प्लिंटचा फायदा झाला नाही का? माझं मत स्पष्ट आहे: झाला, आणि बराच झाला. आकडे वेगळे असले तरी सगळे एकाच दिशेने जातात. यंत्रणा समजते: टोकं हलायची थांबली आणि मांडी पुन्हा लांब झाली की रक्त साठायला जागा कमी राहते. पण 'फायदा झाला' आणि '८० वरून १६ हे सगळं स्प्लिंटमुळे' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्याला आधार आहे, दुसऱ्याला नाही. थीसिसमध्ये मी असं लिहीन: "१९१७ मध्ये अरास येथे नोंदवलेल्या १,००९ रुग्णांत मृत्युप्रमाण १५.६ टक्के होते; या काळात स्प्लिंटच्या वापरासोबत जखमेच्या शस्त्रक्रियेत आणि शॉकच्या उपचारांतही बदल झाले." वाक्य लांब आणि जरा फिकं आहे, पण व्हायव्हाला एक्स्टर्नल समोर बसले की पाठीशी उभं राहतं.

आणि आज रस्त्यावर?

हे वाचून कोणी मोडलेला पाय ओढायला जाऊ नका. ओढ देणारा स्प्लिंट प्रशिक्षित माणसाने, साधनासह आणि पेशंट तपासून लावायचा असतो. हाताने ओढून सोडून दिलं तर टोकं पुन्हा आत घुसतात. आपल्या हातात राहतं ते एवढं: १०८ ला फोन करा. जागेवर धोका नसेल तर पेशंटला हलवू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, पण बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. पाय आहे त्या स्थितीत, वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असा आधार द्या. बोटांचा रंग, ऊब, संवेदना बघत राहा. ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायला-प्यायला देऊ नका. अंगावर पांघरूण घाला. पोलिसांच्या भीतीने मागे हटू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातलं सगळ्यात जास्त वेळा उद्धृत झालेलं एक 'आधी-नंतर' वाक्य निवडा. त्याला वरचे चार प्रश्न विचारा आणि मूळ नोंदीपर्यंत मागे मागे जाऊन बघा. लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात तिथून करता येते.