ठसा घेणारे हात

प्राचीन संस्कृतींवरील कार्यशाळा ही मुंबईतील शाळांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ओल्या मातीच्या वडीवर काडीने मेसोपोटेमियाची कीलाकार अक्षरे उमटवावीत, साबणाच्या वडीवर हडप्पाच्या मुद्रेतला बैल कोरावा, मग कोणा अभ्यासकाचे छोटेसे भाषण ऐकावे, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस रस्त्यावर आणली आणि २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे भारत, असिरिया, इजिप्त, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र मांडली गेली. मुलांना या सर्वांत रस वाटतो, हे उघड आहे. प्रश्न पडतो तो मोठ्यांना : हातांनी केलेली ही उठाठेव म्हणजे इतिहास, की इतिहासाच्या नावाखाली हस्तव्यवसायाचा तास?

आमच्या मते या शहरात प्राचीन इतिहासाचा अभ्यास हातांनीच उभा राहिला. भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांचे उदाहरण घ्यावे. त्यांना विद्यापीठाचे शिक्षण नव्हते. जुनागढला लहान वयात त्यांच्या हाती प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता आला आणि गिरनारच्या खडकाशी तो ताडून पाहत ते लिपी शिकले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस आणले आणि लेण्यालेण्यांतून लेखांच्या नकला करण्यासाठी देशभर पाठवले. १८८२ मध्ये भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यास मिळाला. १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. शिलालेखाचा ठसा घेण्यासाठी ओला कागद दगडावर चढवून कुंचल्याने ठोकावा लागतो. कागद अक्षरांच्या खाचांत शिरला, की वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. अक्षर कुठे झिजले आहे, चीर कुठे आहे आणि कान्हा कुठे, हे त्या वेळी बोटांना आधी कळते. डोळे मागाहून येतात.

हाताच्या जोडीने भाषेचाही विचार त्या पिढीने केला होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. मराठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. निबंध मराठीत वाचावेत, कारण ऐकणारा मराठी आहे, इतका साधा तो विचार. व्याख्यानाची भाषा ठरली की श्रोता कोण हेही ठरते. गिरगाव आणि दादरच्या व्याख्यानमालांनी ही वाट पुढे चालू ठेवली. परंतु तेथे श्रोता केवळ ऐकतो, त्याच्या हाती काही येत नाही. उलट आजच्या कार्यशाळेत मुलाच्या हाती माती येते; पण ती बहुधा युफ्रेटिसच्या काठची असते.

बाबिलोनचे आम्हांस वावडे नाही. पण परळचे काय? १९३१ मध्ये परळ आणि शिवडी यांच्या दरम्यान रस्त्याचे काम चालू असता एक अखंड शिल्प सापडले. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या त्या शिळेवर एकातून एक उगवणाऱ्या सात शिवाकृती आहेत आणि ते पाचव्या-सहाव्या शतकातले मानले जाते. ते बारादेवीच्या मंदिरात आहे आणि आजही पूजले जाते. गिरण्यांचा परिसर म्हणून ज्या भागाची ओळख सांगितली जाते, त्याच्या पोटात गिरणीपूर्व दीड हजार वर्षे आहेत, हे लालबागच्या मुलाला सांगणार कोण?

मराठीच्या अध्यापकांना तर परळचे नाव दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असते. शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०९, म्हणजे इसवी सन ११८७ चा परळचा शिलालेख आपण प्राचीन मराठीच्या अभ्यासक्रमात शिकवतो. दान संस्कृतात नोंदवलेले आहे. आणि ते मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी मात्र मराठीत आहे. खाली गधेगाळीचे चित्र आहे. दान राजभाषेत आणि धाक लोकभाषेत, ही वाटणी विचार करण्याजोगी आहे. शाप सर्वांना कळला पाहिजे, म्हणून तो मराठीत. शाप अश्लील असल्याने वर्गात आपण संकोचतो आणि लेखाचे नाव व शक सांगून पुढे सरकतो. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'शके ११०९' लिहितो आणि गुण मिळवतो. लेखाचा ठसा त्याने कधी पाहिलेला नसतो.

वास्तविक या लेखाची लिपी नागरी आहे. त्या काळच्या लेखांतली पृष्ठमात्रा, म्हणजे अक्षराच्या आधी लिहिलेली मात्रा, आणि चारदोन जुनी वळणे समजावून दिली, तर एम.ए.चा विद्यार्थी काही तासांत त्यातल्या मराठी ओळी लावू शकेल. मूळ शिळेस हात लावणे योग्य नाही. परंतु प्रतिकृती करता येते, मोठ्या आकारातले छायाचित्र मिळवता येते आणि ठसा घेण्याचा सराव साध्या कोरीव दगडावरही होतो. शाळेतल्या मुलांसाठी गधेगाळ बाजूला ठेवून सोपाऱ्याच्या तुकड्यावरची ब्राह्मी अक्षरे घ्यावीत. स्वतःचे नाव ब्राह्मीत लिहिणाऱ्या मुलाला अशोक हा केवळ धड्यातला सम्राट राहत नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही; लिपी जाणणारा एक माणूस, शाई, कागद आणि मराठीत बोलण्याची तयारी एवढे पुरे. इतिहासाच्या प्राध्यापकांची वाट पाहण्याचेही कारण नाही. परळचा लेख ज्यांच्या अभ्यासक्रमात आहे, त्या मराठी विभागांनीच हे काम अंगावर घ्यावे. एरवी आपल्या भाषेचा पुरावा आपल्या विद्यार्थ्यांना वाचता येत नाही आणि पेपरात मात्र त्याचे वर्ष बरोबर येते, ही स्थिती चालूच राहील.