मधल्या डबीचा इतिहास: पिवळ्या पिनेपासून एचडीएमआयपर्यंत

घरात जुना व्हीसीआर असेल, तर त्याची पिवळी, पांढरी आणि लाल पिन तुमच्या ओळखीची असेल. नव्या टीव्हीच्या मागे मात्र त्या पिवळ्या पिनेला बहुधा जागाच सापडत नाही. तिथे असतात एचडीएमआयची दोन-तीन चपटी तोंडे. मग बाजारातून काडेपेटीएवढी एक डबी आणावी लागते. दुकानदार तिला ‘एव्ही टू एचडीएमआय’ म्हणतो. ही डबी आजची वाटते, पण तिच्यावरून झालेले पहिले मोठे भांडण १९५० चे आहे. तंत्र बदलले की मधल्या डबीचा भार कोणी सोसायचा, हा त्या भांडणाचा विषय होता. आजचा थ्रेड त्याविषयी.

ऑक्टोबर १९५० मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सीबीएस या कंपनीची रंगीत दूरचित्रवाणी पद्धत मान्य केली. रंग उत्तम होते, पण अडचण विलक्षण होती. लोकांच्या घरातले कृष्णधवल संच ५२५ रेषांचे आणि सीबीएसचे चित्र ४०५ रेषांचे. त्यामुळे हे नवे प्रक्षेपण जुन्या संचावर नुसते कृष्णधवल दिसावे, एवढ्यासाठीही अ‍ॅडॅप्टर लागे. रंग हवे असतील तर फिरत्या रंगीत चकतीचा कन्व्हर्टर आणखी वेगळा! ज्याने कालच पैसे मोजून संच घेतला, त्यानेच पुन्हा डबी घ्यायची, असा तो न्याय होता.

आरसीए या प्रतिस्पर्धी कंपनीने हा निर्णय न्यायालयात नेला आणि मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. जूनमध्ये सीबीएसचे रंगीत कार्यक्रम सुरू झाले. पाहायला संच जवळजवळ नव्हतेच. ऑक्टोबरमध्ये कोरियन युद्धासाठी सामग्री वाचवण्याचे कारण पुढे आले आणि ते बंद पडले. अखेर १७ डिसेंबर १९५३ रोजी आयोगाने आधीचा निर्णय फिरवून सुसंगत पद्धत स्वीकारली. तीत कृष्णधवल चित्राच्या संकेतातच रंगाची माहिती एका उपवाहक लहरीवर बसवलेली होती. नवा संच ती लहर वाचून रंग दाखवी. जुन्या संचाला ती जवळपास जाणवतही नसे. तो पूर्वीसारखाच चाले, डबीशिवाय. आरसीए ग्राहकांच्या कळवळ्याने लढली असे मानण्याचे कारण नाही; स्वतःच्या पद्धतीत तिची मोठी गुंतवणूक होती. तरीही लाभ ग्राहकाचा झाला.

भारताने स्वीकारलेली ६२५ रेषांची पाल पद्धत वेगळी असली, तरी तिचा पाया हाच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते कृष्णधवल. १९८२ मध्ये रंग आले, तेव्हा दिवाणखान्यातले लाकडी कपाटातले जुने संच एका रात्रीत निकामी झाले नाहीत. शेजाऱ्यांकडे रंगीत आणि आपल्याकडे कृष्णधवल, पण कार्यक्रम तोच.

पिवळ्या पिनेतून वाहतो तो हाच संकेत: उजळपणा, रंग आणि रेषा कुठे सुरू करायची याची खूण, सारे एका तारेत. (या पिनेला आजही ‘आरसीए पिन’ म्हणतात, ती त्याच कंपनीच्या नावावरून.) या तारेचा एक स्वभाव लक्षात घ्या. पलीकडे कोण आहे, हे ती विचारत नाही. टीव्ही असो वा दुसरा रेकॉर्डर, चित्र पोहोचते.

चित्रपट उद्योगाला नेमके हेच खुपले. सोनीचा बीटामॅक्स १९७५ चा, जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ चा. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी ध्वनिमुद्रित-चित्रित करून ठेवणे गैर नाही. एका मताने वाचलेला हक्क! कायद्यात हरल्यावर उद्योग तारेकडे वळला. मॅक्रोव्हिजन नावाच्या युक्तीत पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांत असे ठोके घातले जात की, टीव्हीवर चित्र नीट दिसे, पण दुसऱ्या व्हीसीआरवर उतरवताना उजळपणा हेलकावे खाई.

डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआयची पहिली आवृत्ती आणली. १९ पिनांची ही तार चित्र आणि आवाज अंकांच्या रूपात नेते. तिच्यासोबत इंटेलने विकसित केलेले एचडीसीपी हे कुलूपही आले. चित्र सोडण्यापूर्वी प्लेयर टीव्हीकडे किल्ली मागतो. ती जुळली तरच चित्र जाते. म्हणून नव्या यंत्राला जुना टीव्ही जोडू पाहणाऱ्या उलट्या डबीवर कधीकधी नुसता काळा पडदा येतो. डबी बिघडलेली नसते. तिच्याकडे किल्ली नसते. पुढे ब्ल्यू-रेच्या परवान्यात अट आली की, २०१० नंतर बनणाऱ्या प्लेयरमधून संरक्षित चित्र अ‍ॅनालॉग तारेवर उच्च दर्जाने सोडायचे नाही आणि २०१३ नंतर अजिबात नाही. १९५३ ला जुन्या संचाला सांभाळून घेतले गेले होते. इथे जुनी वाट ठरवून बुजवली गेली. गंमत अशी की, एचडीसीपीची मूळ किल्लीच सप्टेंबर २०१० मध्ये फुटली आणि इंटेलला ते मान्य करावे लागले.

आता आपली डबी आत काय करते ते पाहू. पाल चित्र अंकांत उतरवताना ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू मिळतात. पूर्ण एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात, बरोबर पाचपट. पाचांतले चार बिंदू डबीने शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. त्यासाठी आत चिप लागते आणि चिपला वीज. म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली नुसती केबल या कामाला निरुपयोगी असते, हे विकत घेण्याआधी लक्षात ठेवा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या अंदाजाचे भान हवे. जुने चित्र ४:३ प्रमाणाचे. ते १६:९ च्या पडद्यावर ताणले की चेहरे रुंद होतात, आणि लग्नाच्या कॅसेटमधले आजोबा होते त्याहून स्थूल दिसतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडले की हे टळते. जतन करायचे असेल तर संगणकावर ७२० गुणिले ५७६ अशीच नोंद घ्या आणि मोठे करण्याचे काम नंतर करा. आज भरलेला अंदाज उद्या कोणी अस्सल समजू नये.

आणि हे काम लांबवू नका. व्हीएचएस व्हीसीआर बनवणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. डब्या अजून मुबलक मिळतात, पण कॅसेट वाचणारे हेड झिजतच चालले आहे. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या. मूळ कॅसेट नोंद झाल्यावरही टाकू नका.

बीटामॅक्स खटल्यातले चार न्यायाधीशांचे विरोधी मत स्वतंत्रपणे वाचण्याजोगे आहे. त्यावर पुढचा थ्रेड.