पेपरला उरले 216 तास

शुक्रवार, 21 एप्रिल 2023. 216 तास बाकी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने गट-ब आणि गट-क सेवा संयुक्त पूर्व परीक्षेची प्रवेशपत्रं ऑनलाइन दिली. पेपर 30 एप्रिलला, रविवारी सकाळी अकराला. प्रश्न शंभर, वेळ एक तास, जागा 8,169. परीक्षार्थी चार लाखांच्या वर आणि जिल्हा केंद्रं 37. त्यांत जळगाव होतं, धुळंही होतं.

हॉलतिकीट आलं की अभ्यासिकेत पहिला प्रश्न एकच असतो: सेंटर कुठे लागलं? धुळ्यात देवपुरातल्या खोलीवर राहणाऱ्याला फारशी चिंता नसते. साक्री, शिरपूर, चोपडा, यावलहून येणाऱ्याला मात्र पहाटेची एसटी बघावी लागते. मग झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह नाहीतर व्हॉट्सअॅपवरून पीडीएफ, दोन प्रिंट, आणि एक प्रत घरी ठेवायला. त्या कागदावर नाव असतं, बैठक क्रमांक असतो, केंद्राचा पत्ता असतो. पोराने तीन-चार वर्षं ज्यासाठी घातली तो दिवस त्या एका पानावर छापलेला असतो.

एवढे लोक एकाच वेळी संकेतस्थळावर तुटून पडले की ते गुडघे टेकतं. त्यामुळे कुठल्याही मोठ्या भरतीत मूळ लॉगिनच्या बाहेर एखादी वेगळी, हलकी लिंक काढायचा मोह होतो. या वेळीही प्रवेशपत्रं 'बाह्यलिंक'मधून मिळत होती. हा शब्द आयोगाच्याच निवेदनात दोन दिवसांनी वाचायला मिळणार होता.

शनिवार, 22 एप्रिल. 192 तास बाकी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीइतकाच, काही घरांत दिवाळीपेक्षाही मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडांना झोके, गौराईची गाणी, पितरांसाठी भरलेली घागर, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. पारावर बापे पत्ते कुटत बसलेले. त्या वर्षी रमजान ईदही त्याच दिवशी होती, म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी सगळ्यांनाच. स्पर्धा परीक्षेवाला तेवढा झोक्याकडे पाठ करून चालू घडामोडी घोकत बसलेला. आई ताट वाढते तेव्हाही त्याचं बोट पुस्तकाच्या पानात अडकलेलं असतं.

लिंक मात्र सुट्टी घेत नाही.

इथे थोडं थांबून पानाच्या कुलपाबद्दल बोलायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याचाच आहे. कुठल्याही संस्थेच्या वेब प्रणालीत दोन वेगळ्या तपासण्या असतात. पहिली, तू कोण? ती लॉगिन करतं. दुसरी, तू मागतोस तो कागद तुझा आहे का? ही दुसरी तपासणी प्रत्येक पानावर, प्रत्येक फाइलवर, प्रत्येक वेळी व्हावी लागते. ती नसली की गत लग्नाच्या मांडवासारखी होते: आत शिरला तो वऱ्हाडी, त्याला पंगतीत बसवा.

आणि पहिलीसुद्धा नसेल तर? पत्त्याच्या शेवटी एखादा क्रमांक असतो. तो एकाने वाढवला की शेजारच्याचा कागद उघडतो. हे हाताने करायला दिवस जातात. दहा-वीस ओळींचा प्रोग्राम तेच काम रात्रभर न थकता करतो. अमेरिकेत 'फर्स्ट अमेरिकन' या कंपनीची घरखरेदीची सुमारे 88 कोटी 50 लाख कागदपत्रं 2019 मध्ये अशीच उघडी सापडली. पत्त्यातले आकडे बदलायचे, बस. तिथे कुणाला पासवर्ड फोडावा लागला नव्हता.

कंपन्यांमध्ये हा घोळ जास्त करून स्वतः बनवलेल्या पानांवर होतो. विकत घेतलेल्या प्रणालीतल्या तयार पानांना कोणी काय बघावं याचे नियम निदान जोडलेले तरी असतात. पण साहेबाला उद्या सकाळी एक अहवाल हवा असतो, एका मुलाने रात्रीत पान लिहिलेलं असतं, आणि 'हे कोणाला दिसावं' हा रकाना जसाच्या तसा राहतो. मग कुणीतरी हुशारी करून मेनूतलं बटण लपवतं. बटण लपलं, पान जागच्या जागी. ज्याला पत्ता ठाऊक आहे तो सरळ आत. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अॅप्सवर वेगवेगळ्या संस्थांनी बांधलेल्या पोर्टलांतून 3 कोटी 80 लाख नोंदी उघड्या पडल्या. कारण काय, तर परवानगीची सेटिंग मुळात बंद होती आणि ती चालू करायचं पोर्टल बांधणाऱ्यावर सोडलेलं. मायक्रोसॉफ्टला नंतर ती मुळातच चालू ठेवावी लागली. त्याच वर्षी वेब सुरक्षेची जगभर मानली जाणारी ओवॅस्पची यादी नव्याने आली, तेव्हा प्रवेश-नियंत्रणातली ढिलाई पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर चढली होती.

रविवार, 23 एप्रिल. 168 तास बाकी

बरोबर आठवडा आधी टेलिग्रामवरच्या एका चॅनलवर प्रवेशपत्रं दिसू लागली. पाच-पन्नास नव्हे, 90 हजारांहून जास्त. सोबत फुशारकी: उमेदवारांची खासगी माहितीही आमच्याकडे आहे, प्रश्नपत्रिकासुद्धा.

आखाजीची दुसरी दुपार. मामाकडे गेलेल्या पोराचा फोन वाजतो: "भाऊ, तुझं हॉलतिकीट टेलिग्रामवर फिरतंय." तो स्वतःचं नाव शोधतो. सापडलं तर धस्स होतं, नाही सापडलं तरी दुसऱ्या गठ्ठ्यात असेल अशी धास्ती.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. 2021 च्या ऑक्टोबरात आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. त्याच डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या मध्यरात्रीनंतर रद्द झाली, तेव्हा गावाकडची पोरं केंद्राच्या शहरात येऊन मुक्कामाला होती. टीईटी घोटाळ्यात 7,880 जणांवर कारवाई झाली आणि त्या यादीत आपल्या पट्ट्यातली नावं थोडीथोडकी नव्हती. त्यामुळे 'पेपर फुटला' हे दोन शब्द इकडे कुणी खोटे धरून चालत नाही.

आयोगाने त्याच दिवशी निवेदन काढलं. बाह्यलिंकवरची प्रवेशपत्रं बाहेर गेली आहेत, लिंक बंद केली आहे, खासगी माहिती आणि प्रश्नपत्रिका फुटल्याचा दावा निराधार आहे, परीक्षा ठरल्या दिवशीच होईल. निवेदन तातडीने आलं, हे मान्यच करायला हवं. पण 'खासगी माहिती फुटली नाही' हे वाक्य मला आजही पटत नाही. नाव, बैठक क्रमांक, कोणत्या शहरात कोणत्या शाळेत किती वाजता हा माणूस बसणार आहे, हे परक्याच्या हाती गेलं, तर मग खासगी उरलं काय? डमी बसवणाऱ्याला आणि 'तुमचं काम करून देतो' म्हणत फोन करणाऱ्याला यापुढे फारसं काही लागत नाही.

सोमवार ते शनिवार. 144 तासांपासून 24 तासांपर्यंत

बेलापूरच्या सीबीडी पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तपास नवी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेकडे. इकडे पोरं परत पुस्तकाला लागली, पण दर तासाला फोन बघत. परीक्षा पुढे ढकलावी असं म्हणणारे निघाले, ढकलू नका म्हणून हात जोडणारे त्याहून जास्त.

रविवार, 30 एप्रिल. सकाळी अकरा

पेपर झाला. जळगावात झाला, धुळ्यात झाला, फुटल्याशिवाय झाला.

का वाचला, ते मे महिन्यात कळलं. पोलिसांनी पुण्यातून एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याला पकडलं. त्यांच्या म्हणण्यानुसार त्याला डार्क वेबवरून 400 डॉलरची सुपारी मिळाली होती, आणि ती हॉलतिकिटांची नव्हती, प्रश्नपत्रिकेची होती. प्रश्नपत्रिका त्याला मिळाली नाही. जी गोष्ट त्या सर्व्हरवर ठेवलेलीच नव्हती, तिला कुलूप लावायचं राहून जाण्याचा प्रश्नच नव्हता. प्रवेशपत्रं मात्र ठेवलेली होती आणि ती तो घेऊन गेला.

लिंक 23 तारखेला बंद झाली. तोवर उतरवून घेतलेल्या 90 हजार फाइलींना ती बंद झाल्याने काही फरक पडला नाही. चॅनलवरून ज्याने ज्याने त्या ओढल्या, त्याच्या फोनमध्ये त्या उतरल्याच.