झडपेचे स्थान आणि देखभालीची जबाबदारी : करंजाडे परिसराच्या संदर्भात जलनियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पनवेल शहरालगत सिडकोने विकसित केलेल्या करंजाडे वसाहतीत आज एखाद्या बंगल्याच्या वा गृहसंकुलाच्या आवारात हिरवळीचा पट्टा आढळतो. अशा हिरवळीला पाणी देण्यासाठी तुषार सिंचनाचे फवारे बसविले, की त्यांच्या झडपा, म्हणजे व्यवहारातील 'व्हॉल्व्ह', जमिनीखालील पेटीत राहतात. कालांतराने वाहनतळासाठी फरशी घातली जाते, भिंत पुढे सरकते आणि झडप दुसरीकडे हलवावी लागते. वरवर पाहता ही नळकारागिराची बाब आहे. परंतु पाणी कोठे अडवावे, ते कोणी सोडावे आणि अडविणारे साधन कोणी दुरुस्त ठेवावे, हे प्रश्न या भूमीला नवे नाहीत. झडपेचे स्थान बदलते तेव्हा तिच्या देखभालीची जबाबदारीही नव्याने ठरवावी लागते. ती न ठरविल्यास साधन उत्तम असूनही व्यवस्था मोडते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खारभूमीतील उघाडी

पनवेल, उरण, पेण आणि अलिबाग या तालुक्यांतील खाडीकाठच्या खाजण जमिनी बांध घालून भातशेतीखाली आणल्या गेल्या. या बांधांत पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेल्या दारास 'उघाडी' म्हणतात. ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी दार बाहेर ढकलून खाडीत जाते, तर भरतीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. माणसाचा हात न लागता एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी ही खऱ्या अर्थाने झडपच होय.

तिचे यश मात्र देखभालीवर अवलंबून होते. दाराखाली गाळ वा लाकडाचा तुकडा अडकला, तरी खारे पाणी आत शिरे. उधाणात बांधाला खांड पडली, की शेते काही वर्षे नापीक होत. म्हणून 'जोळ' पद्धतीने शेतकरी एकत्र येऊन बांध आणि उघाडी यांची डागडुजी करीत. १९४८ च्या मुंबई खारभूमी अधिनियमाने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने हे काम शासकीय यंत्रणेकडे आले. निधी व तांत्रिक ज्ञान उपलब्ध झाले, हे मान्य केले पाहिजे. तथापि दार गळू लागल्याचे ज्याला प्रथम दिसे तो शेतकरी आणि दुरुस्तीचा निर्णय घेणारे कार्यालय यांच्यात अंतर पडले.

फड आणि कालवा

याच प्रश्नाचे दुसरे रूप गोड्या पाण्याच्या सिंचनात दिसते. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदी नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट काढून लाभक्षेत्राचे 'फड' पाडले जात आणि एका फडात सामान्यतः एकच पीक घेतले जाई. पाण्याचे तोंड शेतकरी स्वतः उघडत नसे. ते काम पाटकरी करी. पाटाची सफाई ही लाभधारकांची सामूहिक जबाबदारी असे. नियंत्रणाचे स्थान आणि देखभाल करणारा समूह येथे एकमेकांपासून दूर नव्हते.

ब्रिटिश काळातील मोठ्या कालव्यांनी हे नाते बदलले. १८७९ च्या मुंबई सिंचन अधिनियमाखाली कालव्याची दारे शासकीय नियंत्रणात आली आणि त्यांत परवानगीविना फेरफार करणे दंडनीय ठरले. तंत्राच्या बाजूने या काळाची कामगिरी मोठी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला येथे बसविण्यात आले. ठरावीक पातळीपर्यंत पाणी अडवून ठेवायचे आणि ती ओलांडताच आपोआप उघडायचे, हे त्यांचे कार्य होते. त्यामुळे धरणाच्या भिंतीची उंची न वाढविता साठा वाढविता आला. परंतु धरणावरील दार स्वयंचलित झाले, तरी चारीच्या शेवटी असलेल्या टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचेल, याची हमी त्यातून मिळत नव्हती. शंभर वर्षांनंतर, २००५ मध्ये, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम करून पाणी वापर संस्थांकडे व्यवस्थापन सोपविण्याचा मार्ग शासनाने स्वीकारला. फडातील पाटकऱ्याचे तत्त्वच कायद्याच्या भाषेत परत आले, असे म्हणता येईल.

नियोजित नगरातील झडप

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर खाडीकाठची भातशेती टप्प्याटप्प्याने नागरी वापराखाली आली. उघाडी नाहीशी झाली. तिचे तत्त्व मात्र टिकले. नवी मुंबईच्या सखल भागांत डच पद्धतीच्या धर्तीवर धारण तलाव बांधण्यात आले. भरतीच्या वेळी त्यांची झडपदारे बंद होतात आणि ओहोटीला साठलेले पावसाचे पाणी खाडीत सोडतात. म्हणजेच शेताच्या बांधातील झडप शहराच्या सीमेवर हलली. पुढे अनेक तलावांत गाळ साचला आणि खारफुटी वाढली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणे परवानग्यांच्या प्रक्रियेत अडकले. रोजच्या निगराणीचा अभाव नंतर केवळ निधीने भरून निघत नाही, हा येथील धडा आहे.

घरगुती बागेतील झडप

या पार्श्वभूमीवर करंजाडेतील हिरवळीच्या झडपेकडे पाहता येते. स्वयंचलित तुषार संचात सामान्यतः २४ व्होल्टच्या प्रवाहावर चालणारी झडप असते. विद्युत प्रवाह मिळताच तिच्यातील दट्ट्या उचलला जातो, रबरी पडद्यावरील दाब कमी होतो आणि पाणी सुटते. या पडद्याखाली वाळूचा कण अडकला, की झडप पूर्ण मिटत नाही. गाळ अडकलेल्या उघाडीचाच हा प्रकार होय.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो. त्यामुळे झडपेची नवी जागा निवडताना सखल कोपरा टाळावा, पेटीच्या तळाशी खडी घालावी आणि झाकण उघडून हात घालता येईल एवढी मोकळीक ठेवावी. स्थलांतर करताना मुख्य पुरवठा बंद करून वाहिनीतील दाब काढणे, झडपेवरील बाणाची दिशा प्रवाहाशी जुळविणे, तारांचे सांधे जलरोधक करणे आणि माती लोटण्यापूर्वी पूर्ण दाबाने गळती तपासणे आवश्यक असते. पावसाळ्यात संच बंद असतो. म्हणून तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या सुमारास, गाळणी व पडदा स्वच्छ करावा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नव्या जागेचा नकाशा. पेटी फरशीखाली गाडली गेली आणि बसविणारा कारागीर निघून गेला, तर पुढील रहिवाशाला झडप कोठे आहे हेच कळत नाही. गृहसंकुलात हा नकाशा कार्यकारिणीच्या दप्तरी असावा आणि देखभालीचे काम कोणाचे, याची नोंद त्यातच असावी.

निष्कर्ष

उघाडी, फडाचा पाट, धरणाचे दार, धारण तलाव आणि हिरवळीची झडप यांच्या आकारमानात प्रचंड अंतर आहे. परंतु जे साधन दिसते, हाताशी असते आणि ज्याचा पालक निश्चित असतो तेच टिकते, हे सूत्र सर्वांना लागू पडते. शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींनी त्या शेतकऱ्यांची निगराणीची शिस्त मात्र वारशात घेतलेली नाही. स्थानिक जलव्यवस्थेचा इतिहास अभ्यासताना केवळ बांधकामाची वर्षे न नोंदविता देखभाल कोणी व कशी केली, याचीही नोंद महाविद्यालयीन संशोधनातून झाली पाहिजे. खाडीकाठच्या गावांत जोळीचे काम पाहिलेली पिढी वृद्ध होत असल्याने या कामाला विलंब परवडणारा नाही.