ड्राफ्ट, लिलाव आणि आमची ताई: महिला लीगमध्ये नवी खेळाडू निवडतात कशी?

ज्यांना कानात इअरफोन घालून बसायला वेळ नाही आणि जे ऑफिसच्या बसमध्ये गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना मी दोन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे काढून टाकलंय.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. १३ फेब्रुवारी २०२३, सोमवार. वर्क फ्रॉम होम चालू होतं. लॅपटॉपवर स्टेटस कॉल आणि शेजारी मोबाईलवर आवाज बंद करून मुंबईतला लिलाव. विमेन्स प्रीमियर लीगचा, म्हणजे डब्ल्यूपीएलचा पहिलाच लिलाव. आमची मोठी चुलत बहीण, जिला घरात सगळे ताईच म्हणतात, त्या दिवशी सिडकोतल्या आमच्या घरी आली होती. ती भाजी निवडत बसली होती. पहिलंच नाव आलं स्मृती मानधनाचं. बेस प्राइस ५० लाख. मुंबई आणि बंगळुरू यांच्यात बोली चढत गेली आणि ३ कोटी ४० लाखांवर थांबली. ताईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. म्हणाली, "आवाज चालू कर रे."

ताई लेगस्पिन टाकायची. शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून गल्लीतल्या पोरांत खेळायची. दहावीनंतर ते सुटलं. कोणी बंदी घातली नव्हती. पुढे जायला पायरीच नव्हती, एवढंच.

म्हणून आजचा प्रश्न हा: व्यावसायिक लीगमध्ये नवी खेळाडू येते कशी? कोण निवडतं, कुठल्या नियमाने?

आधी अमेरिकेत जाऊन येऊ. तिथली महिला बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ साली सुरू झाली. पहिल्या हंगामात आठ संघ होते. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव टीना थॉम्पसनचं, संघ ह्यूस्टन कॉमेट्स. त्याच ह्यूस्टनने १९९७ ते २००० अशी सलग चार विजेतेपदं घेतली.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे इंजिनिअरिंगवाल्यांना मी असं सांगेन. आपला कॅप राउंड आठवा. तिथे विद्यार्थी ऑप्शन फॉर्म भरतो आणि मेरिटप्रमाणे कॉलेज मिळतं. ड्राफ्टमध्ये हे उलटं होतं. फॉर्म कॉलेज भरतं, आणि सगळ्यात आधी नंबर लागतो तो गेल्या वर्षी ज्याचा निकाल सगळ्यात वाईट होता त्या कॉलेजचा! कमजोर संघाला पहिली निवड, म्हणजे एकच संघ वर्षानुवर्षं जिंकत राहू नये.

पण मग कोणी मुद्दाम हरलं तर? त्यावर दोन उपाय आहेत. एक, शेवटच्या संघांचा क्रम ठरवताना मागच्या दोन हंगामांची कामगिरी एकत्र धरतात. दोन, लॉटरी. १४ चेंडूंमधून चार काढायचे. याची कॉम्बिनेशन्स होतात १००१. त्यातलं एक बाद करायचं, उरली १०००. लॉटरीत चार संघ असतील, तर सगळ्यात कमजोर संघाच्या वाट्याला त्यातली ४४२ येतात. म्हणजे शेवटचा नंबर आला तरी पहिली निवड पक्की नाही. बारावीचं गणित कुठे वापरतात असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

यात खेळाडूला दोन गोष्टी ठरवता येत नाहीत. कुठल्या शहरात खेळायचं आणि सुरुवातीला किती पगार घ्यायचा. नवोदितांचा पगार करारात आधीच ठरलेला असतो. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क पहिली निवडली गेली. कॉलेजच्या खेळातलं अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं नाव. तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ६४ लाख रुपये. शिवाय निवड झाली म्हणजे नोकरी पक्की असंही नाही. संघात जास्तीत जास्त १२ जागा, त्यामुळे ड्राफ्टमध्ये नाव पुकारलेल्या कितीतरी मुली सराव शिबिरातूनच घरी परततात. ऑफर लेटर मिळूनही जॉइनिंग न मिळालेल्या मित्रांना हे वेगळं समजावायला नको.

आता घरी येऊ. बास्केटबॉल आपल्याकडेही आहे. २०१७ साली बंगळुरूत भारताने महिला आशिया कपच्या 'ब' विभागाचं विजेतेपद मिळवलं, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. महिला कबड्डीत २०१६ साली तीन संघांची स्पर्धा झाली आणि त्यातल्या आइस दिवाज संघाची कर्णधार होती मुंबईची अभिलाषा म्हात्रे. ती स्पर्धा एका हंगामात आटोपली. क्रिकेटमध्ये मात्र लीग उभी राहिली आणि तिने आयपीएलचीच वाट धरली: लिलाव.

२०२३ च्या लिलावाचं गणित बघा. पाच संघ, प्रत्येकाच्या खिशात १२ कोटी. कमीत कमी १५ खेळाडू, जास्तीत जास्त १८. म्हणजे जागा फार तर ९०. यादीत नावं होती ४०९, त्यात भारतीय २४६. बंगळुरूने ३ कोटी ४० लाख एकीवर लावले की उरले ८ कोटी ६० लाख, आणि अजून किमान १४ जणी घ्यायच्या. म्हणजे सरासरी माणशी ६१ लाख. वरच्या दोन-तीन मोठ्या खरेदी झाल्या की खाली १० लाखांची रांग लागणारच. ज्यांना कोडिंग येतं त्यांच्यासाठी, हा सरळ नॅपसॅक प्रॉब्लेम आहे. फरक एवढाच की शेजारच्या टेबलावरचे लोक तुमच्या पिशवीतल्या वस्तूची किंमत वाढवत असतात.

ड्राफ्टमध्ये कमजोर संघाला आधार मिळतो. लिलावात सगळ्यांचा खिसा सारखाच, आणि खेळाडूला बाजारभाव मिळतो. पहिला हंगाम ४ ते २६ मार्च, म्हणजे २३ दिवस चालला. तेवढ्यासाठी स्मृतीला ३ कोटी ४० लाख आणि वर्षभराच्या करारात केटलिनला ६४ लाख. पण लिलावात खालच्या टोकाला काय होतं, तेही बघायला हवं.

धारावीची सिमरन शेख. २०२३ मध्ये यूपी वॉरियर्सने तिला १० लाखांत घेतलं. पुढच्या हंगामात ती लीगमध्ये नव्हती. आणि १५ डिसेंबर २०२४ च्या लिलावात गुजरात जायंट्सने तिच्यासाठी १ कोटी ९० लाख मोजले, त्या दिवशीची सगळ्यात मोठी बोली! मुलगी तीच. मधल्या काळात तिने काय सोसलं असेल, ते बोलीच्या आकड्यात दिसत नाही.

दुसरी किरण नवगिरे, सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची. आधी मैदानी खेळ, भालाफेक वगैरे. क्रिकेटमध्ये संधीसाठी ती थेट नागालँडकडून खेळली आणि २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या. लिलावात ३० लाख मिळाले. पहिल्याच सामन्यात बॅटवर प्रायोजकाचं स्टिकर नव्हतं, तर तिने पेनने 'एमएसडी ०७' लिहिलं आणि ५३ धावा काढल्या.

इथे इतिहास महत्त्वाचा ठरतो. लिलाव एका दिवसात होतो, पण यादी पन्नास वर्षांत तयार झाली. १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती पुण्यात. संघ किती? तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीतल्या बायका रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून फिरल्या, डॉर्मिटरीत झोपल्या. पहिली कसोटी १९७६ मध्ये बंगळुरूला, वेस्ट इंडीजविरुद्ध. त्या काळातली पुण्याची लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी पुढे भारताची कर्णधार झाली आणि नंतर संघटनेची सचिव. २००६ साली ही संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा सचिवपदी त्याच होत्या. २००५ च्या विश्वचषकात भारत अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा एका सामन्याचे हजार रुपये मिळाले होते, असं मिताली राजने नंतर सांगितलंय.

सांगलीत वाढलेली स्मृती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आली, कारण तोपर्यंत असा संघ अस्तित्वात होता. शहरात, जिल्ह्यात, राज्यात एकेक पायरी होती. अमेरिकेच्या ड्राफ्टमागेही हेच आहे, तिथे त्या पायऱ्या कॉलेजांनी बांधल्या. ड्राफ्ट की लिलाव, हा वाद मला आवडतो, पण तो शेवटच्या पायरीवरचा आहे. आधीच्या पायऱ्या नसतील तर दोन्हीकडे यादी रिकामी.

त्या संध्याकाळी ४०९ पैकी ८७ जणींना संघ मिळाला, त्यात भारतीय ५७. मी ताईला म्हटलं, "३२२ जणींना कोणी घेतलंच नाही, केवढं वाईट." ती भाजी धुवायला उठली होती. म्हणाली, "मलाही कोणी घेतलं नसतं रे. पण यादीत तरी आले असते."

गेल्या वर्षीपासून ताईची लेक गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुलाकडे सकाळी सरावाला जाते. सोडायला ताईच जाते, स्कूटीवर. लेक मीडियम पेस टाकते. लेगस्पिन शिक म्हटलं तर ऐकत नाही, ही ताईची सध्याची मोठी तक्रार आहे.

तुमच्या घरात, गल्लीत अशी कोणी खेळणारी होती का? आई, मावशी, आत्या, कोणीही. तिला विचारा, ती कुठल्या पायरीवर थांबली आणि का. आणि एक व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये आपण त्या ऐकू. भेटू मग, तोपर्यंत काळजी घ्या!