नामानुसारी ध्वनिमुद्रिका-माला : आडनावे, गावे आणि घराणी

एखादे समान सूत्र धरून निरनिराळ्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका एका मालेत गुंफण्याचा प्रघात संगीतप्रेमी मंडळींत जुना आहे. हे सूत्र कधी रागाचे असते, कधी ऋतूचे, तर कधी केवळ कलावंतांच्या नावांचे. ह्यांपैकी शेवटचा प्रकार अभ्यासकांना बहुधा निव्वळ मनोरंजनाचा वाटतो. कारण नावातील साम्य हे गायनातील साम्य नव्हे. तथापि संकलकाने नावाबरोबरच त्या नावाची उत्पत्तीही तपासली, तर अशी माला इतिहासाचे साधन ठरू शकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी महाराष्ट्र, गोवा व उत्तर कर्नाटक ह्या प्रदेशांतील ग्रामवाचक आडनावांचे उदाहरण घेतले आहे.

ध्वनिमुद्रिकेवर नाव येण्याचा इतिहास आधी ध्यानी घ्यावा लागतो. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग ह्यांनी केलेल्या मुद्रणात गौहर जान ह्यांनी गायन संपताच आपले नाव इंग्रजीतून उच्चारले. मेणावरील मूळ मुद्रण तबकड्या घडविण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जाई आणि तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून ही उद्घोषणा होती, असे सांगितले जाते. नाव येथे प्रथमतः कारखान्याची खूण म्हणून आले. परंतु नुसते नाव पुरेसे नसे. गौहर जान ह्यांची माता मलका जान ‘बडी’ म्हणविली जाई, कारण त्या काळी त्याच नावाच्या आणखी तीन गायिका प्रसिद्ध होत्या व त्यांतील एक आग्र्याची होती. जोहराबाई आग्रेवाली, अलाहाबादच्या जानकीबाई ही नावेही अशीच आहेत. गाव हे नावाचे विशेषण झाले, ते एकीला दुसरीपासून वेगळे ओळखता यावे म्हणून.

मराठी व कोकणी भाषक प्रदेशात हेच कार्य ‘कर’ ह्या प्रत्ययाने केले. ह्या प्रत्ययावर आधारलेली माला सहज सिद्ध होते : अंजनीबाई मालपेकर (1883–1974), केसरबाई केरकर (1892–1977), दीनानाथ मंगेशकर (1900–1942), मोगूबाई कुर्डीकर (1904–2001), हिराबाई बडोदेकर (1905–1989), दत्तात्रेय विष्णू पलुसकर (1921–1955). जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांची असल्याने ही सहा नावे वीस-एकवीस मिनिटांत ऐकून होतात. ऐकणाऱ्यास त्यांत गायनपद्धतीचे ऐक्य आढळणार नाही. ऐक्य आहे ते नामकरणाच्या रीतीत, आणि तेथेच इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो.

प्रथमदर्शनी वाटते की, आडनाव म्हणजे जन्मगाव. केसरबाई फोंडा भागातील केरीच्या व मोगूबाई सांगे भागातील कुर्डीच्या, हे खरे. परंतु हिराबाईंचा जन्म मिरजेचा. बडोदे हे त्यांच्या मातोश्री ताराबाई माने ह्यांच्याशी निगडित गाव. पलुसकर घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झालेल्या ह्या कुळातील विष्णु दिगंबर जन्मले ते कुरुंदवाडास. दुसरा भ्रम असा की, ‘कर’ प्रत्ययावरून समाज ओळखता येतो. मराठी मुलखात हा प्रत्यय सर्व जातींत आढळतो. वरील मालेतच तो वेगवेगळ्या समाजांतील व्यक्तींनी धारण केला आहे. तिसरी अडचण प्रचलित नावांची. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर (1886–1952) रसिकांत ‘सवाई गंधर्व’ म्हणूनच प्रसिद्ध असल्याने केवळ रूढ नाव पाहणाऱ्या संकलकाच्या हातून ते सुटतात. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल (1913–2009) ह्यांच्या आडनावात गाव आहे, पण प्रत्यय नाही. म्हणून त्याही सुटतात.

म्हणून ‘हे नाव कोठले?’ ह्यापेक्षा ‘हे नाव कोणी व कशासाठी घेतले?’ हा प्रश्न अधिक फलदायी होतो. दीनानाथांनी वडिलांचे किंवा आईचे आडनाव न लावता मंगेशी गावाचे नाव धारण केले. अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने विभक्त झाल्यावर त्यांच्या अपत्यांनी पित्याचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वतीबाई राणे ही सख्खी भावंडे तीन आडनावांनी ओळखली गेली. वर्णानुक्रमे लावलेल्या सूचीत हे एक कुटुंब चार ठिकाणी विखुरते. गोव्यातील देवालयांशी निगडित कलावंत समाजातील ज्या स्त्रियांना रूढीमुळे पित्याचे वा पतीचे आडनाव सहजी लाभत नसे, त्यांच्या बाबतीत तर गावाचे नाव हीच सार्वजनिक प्रतिष्ठेची ओळख ठरली. कुर्डीकर हे नाव एका स्त्रीने स्वतःच्या गायनाने मोठे केले. ते कोणाकडून वारशाने मिळालेले मोठेपण नव्हे.

आता ह्या मालेशेजारी घराण्यांची सूची ठेवून पाहावी. केसरबाई व मोगूबाई ह्या दोघी अल्लादिया खाँ (1855–1946) ह्यांच्या शिष्या. त्यांच्या घराण्याच्या नावात जयपूर व अत्रौली ही उत्तरेकडील गावे आहेत. हिराबाई व रामभाऊ ह्यांचे घराणे किराणा. तेही उत्तर प्रदेशातील गाव, अब्दुल करीम खाँ ह्यांचे जन्मस्थान. म्हणजे प्रत्येक कलावंताच्या मागे दोन गावे उभी आहेत : घराण्याचे गाव गुरूचे, आडनावाचे गाव शिष्याचे. आपल्या संगीतेतिहासाची मांडणी प्रायः पहिल्या गावावरून झाली. त्यामुळे विद्या कोठून आली हे आपण जाणतो. ती कोणी व कोठल्या सामाजिक परिस्थितीत ग्रहण केली, हे मागे पडते. कोल्हापूर व मिरज येथे वसलेल्या उस्तादांची विद्या केरी-कुर्डीच्या मुलींनी आत्मसात केली, ही घटना घराण्यांच्या वंशावळीत एका रेषेपुरती उरते. नावांच्या मालेत ती ठळकपणे पुढे येते.

ह्या दृष्टीने कुर्डीचे उदाहरण विचारप्रवर्तक आहे. साळावली धरणाच्या जलाशयाखाली हे गाव 1980 च्या दशकात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष तेवढे दृष्टीस पडतात. गावाचे नाव मात्र गायिकेच्या आडनावात व तिच्या ध्वनिमुद्रिकांवर कायम आहे. तथापि पुढच्याच पिढीत, किशोरी आमोणकर (1932–2017) ह्यांच्या बाबतीत, विवाहामुळे आडनाव बदलले व आमोणे हे दुसरे गाव आले. नाव टिकते, पण ते वाहून नेणारी परंपरा त्याच नावाने चालेलच असे नाही.

संकलनाच्या व्यवहारात ह्यावरून एक साधी शिस्त सुचते. प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या नोंदीत तबकडीवर छापलेले नाव जसेच्या तसे घ्यावे. त्याखाली कलावंताची इतर नावे द्यावीत. आणि आडनावातील गावाशी असलेला संबंध जन्माचा, मातृकुलाचा, विवाहाचा की स्वतः स्वीकारलेला, हे स्वतंत्र रकान्यात लिहावे. एवढे केल्यास ‘कर’ प्रत्ययाची माला कोणीही लावली, तरी तिच्यातील साम्य यदृच्छेचे कोठे व इतिहासाचे कोठे, हे वाचकास पारखता येईल. घराण्याच्या इतिहासात गुरूच्या गावाला जे स्थान मिळाले, ते शिष्येच्या गावालाही मिळावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.